रांग मोडणारे आणि मुकाट्याने पाहणारे

सुट्टीच्या दिवसांत मनोरंजन उद्यानांत होणारी घुसखोरी, धक्काबुक्की आणि हमरीतुमरी हा चार उर्मट माणसांचा दोष मानून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात त्यामागे गर्दीचे गणित आहे, व्यवस्थापनाचे धोरण आहे आणि आपल्या सर्वांची भीडही आहे.

मे महिन्यातला रविवार. ठाण्याहून किंवा पुण्याहून पहाटे निघालेले एखादे चौकोनी कुटुंब थीम पार्कच्या दारात पोहोचते. तिकिटांसाठी हजारो रुपये मोजलेले असतात. भर उन्हात पाऊण तास उभे राहिल्यावर रोलर कोस्टरचा चढ दिसू लागतो आणि आता आपला नंबर आला असे वाटते न वाटते तोच पाच-सहा तरुणांचा घोळका लोखंडी कठड्याखालून वाकून पुढे सरकतो. 'आमचा माणूस पुढे उभा आहे', एवढेच स्पष्टीकरण. वडील काही बोलत नाहीत. आई दुसरीकडे पाहते. मागचे लोक आपापसांत कुजबुजतात आणि गप्प बसतात. आठ-नऊ वर्षांची मुलगी मात्र विचारते, 'बाबा, मग आपणही तसेच जाऊ या का?'

या प्रश्नाला दोन उत्तरे सर्रास दिली जातात. 'जाऊ दे, आपल्याला काय करायचे आहे' हे पहिले, आणि 'लोकांना वळणच नाही' हे दुसरे. पहिल्या उत्तराने मूल काय शिकते ते उघड आहे. दुसरे ऐकायला बरे वाटते, पण त्याने काहीच उलगडत नाही. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. या अवधीत मनोरंजन उद्यानाची सहल ही मराठी मध्यमवर्गाच्या सुट्टीचा नेहमीचा भाग बनली. तिथली बेशिस्त मात्र अजूनही संस्कारांच्या खात्यावरच मांडली जाते. हा हिशेब एकदा तपासून पाहायला हवा.

छत्तीस सेकंदांचा राग

समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत वीस जागा आहेत आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला सहाशे माणसे. रांगेत सहाशे माणसे असतील, तर शेवटच्या माणसाला एक तास थांबावे लागणार. आता सहा जण मध्येच घुसले, तर त्यांच्या मागच्या प्रत्येकाचा किती वेळ जातो? सरासरी अवघी छत्तीस सेकंदे! तासभर उभ्या असलेल्या माणसाला छत्तीस सेकंदांनी काय फरक पडणार? तरीही त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते. याचा अर्थ उघड आहे. हा राग वेळेचा नाही, अन्यायाचा आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये रांगांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात नेमका हाच मुद्दा मांडला होता. रांगेतल्या माणसाचे समाधान तो किती वेळ थांबला एवढ्यावरच ठरत नाही. आपल्यानंतर आलेला माणूस आपल्या आधी गेला की नाही, याचा त्यात मोठा वाटा असतो. थोडक्यात, रांग हा एक अलिखित करार आहे. श्रीमंत असो वा गरीब, साहेब असो वा शिपाई, जो आधी आला तो आधी जाणार, एवढी एकच अट. आपल्या समाजात अशी समता सहसा अनुभवास येत नाही. म्हणूनच ती मोडली की माणूस दुखावतो.

तोच माणूस, दोन वर्तने

'आपल्या लोकांना रांगच ठाऊक नाही' असे म्हणणाऱ्यांनी मुंबईतला बेस्टचा थांबा आठवावा. पोलीस नाही, कठडा नाही, पाटीही बहुधा नाही. तरीही अनेक थांब्यांवर लोक एकामागे एक उभे राहतात आणि कोणी मध्ये घुसलाच, तर चार आवाज एकदम उठतात. हाच मुंबईकर अर्धे मिनिटही न थांबणाऱ्या लोकलसमोर मात्र खांदा पुढे काढून उभा असतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला तर अवघ्या महाराष्ट्राची. सकाळी एका ठिकाणी शिस्तीत वागणारा माणूस दुपारी दुसऱ्या ठिकाणी बेशिस्त होतो, तेव्हा त्याचे संस्कार बदललेले नसतात, त्याच्या भोवतीची परिस्थिती बदललेली असते. जिथे नियम स्पष्ट आहे, तो सर्वांना दिसतो आणि पाळला तर आपला नंबर खात्रीने येणार असा विश्वास आहे, तिथे माणूस थांबतो. जिथे थांबणारा मागेच राहतो, तिथे बळी तो कान पिळी हाच कायदा होतो.

याचे ठळक उदाहरण हाँगकाँगचे. तेथील डिस्नेलँड सप्टेंबर २००५ मध्ये सुरू झाले. उद्घाटनापूर्वी तालमीदाखल ३० हजार लोकांना आत घेण्यात आले, तेव्हाच रांगा तासन् तास लांबल्या होत्या. उद्यानाची दैनंदिन क्षमता त्याच घरातली ठरवलेली होती. ती कमी करावी, असा आग्रह तेव्हाच धरला गेला. सुरुवातीच्या काळात वृत्तपत्रांतून चर्चा होत राहिली ती मात्र चीनच्या मुख्य भूमीतून आलेल्या पर्यटकांच्या असभ्यपणाची. ते रांगा मोडतात, कुठेही बसतात, कुठेही सिगारेट ओढतात, अशा तक्रारींचा पाऊस पडला.

पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये, चिनी नववर्षाच्या सुट्टीत, उद्यान भरले म्हणून दरवाजे बंद करण्यात आले. बाहेर हातात वैध तिकिटे घेऊन आलेली कुटुंबे अडकली. ही तिकिटे एका ठरावीक दिवसाची नव्हती, अनेक महिन्यांत कधीही वापरता येण्याजोगी होती. त्यामुळे कोणत्या दिवशी किती माणसे येतील, याचा अंदाज व्यवस्थापनालाही आला नाही. संतापलेले लोक कुंपणावर चढले. काहींनी लहान मुले कुंपणावरून पलीकडे दिली. ती दृश्ये जगभर दाखवली गेली. कुंपणावरून मूल पलीकडे देणारा बाप बेजबाबदार होता, यात शंका नाही. पण क्षमतेचा विचार न करता तिकिटे विकणाऱ्यांना काय म्हणावे? व्यवस्थापनाला अखेर जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. 'असभ्य पर्यटक' हा त्या कथेचा केवळ उत्तरार्ध होता.

विकत घेतलेला नंबर

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला आहे. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डने १९९९ मध्ये 'फास्टपास' ही सोय सुरू केली. ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळी येऊन छोट्या रांगेतून जायचे. ही चिठ्ठी प्रत्येक तिकीटधारकाला विनामूल्य मिळे. २०२१ मध्ये ही व्यवस्था संपली आणि तिची जागा पैसे मोजून घ्यायच्या सोयींनी घेतली. भारतातही वंडरलासारख्या उद्यानसाखळीत जादा दराचे 'फास्टट्रॅक' तिकीट मिळते. तिरुपतीला तीनशे रुपयांचे विशेष दर्शन घेणाऱ्या मराठी भाविकाला ही कल्पना नवी वाटणार नाही.

उद्यान चालवणे हा व्यवसाय आहे आणि त्याला उत्पन्नाचे मार्ग शोधण्याचा अधिकार आहे, हे मान्य. परंतु त्याचा रांगेतल्या सामान्य माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, हेही पाहायला हवे. तो तासभर उभा असतो आणि शेजारच्या मार्गिकेतून नंतर आलेली माणसे सुखेनैव पुढे जात असतात. त्यांनी जादा पैसे दिले आहेत हे त्याला कळते, पण 'आधी येईल तो आधी जाईल' हा करार आता सर्वांना लागू नाही, हेही कळते. एकदा नंबर ही विकत घेण्याची वस्तू झाली, की 'मी पैशाने घेत नाही, चलाखीने घेतो' असे म्हणणाऱ्याला नैतिक उत्तर देणे अवघड होऊन बसते. कठड्याखालून वाकणाऱ्या तरुणाचे वर्तन त्यामुळे समर्थनीय ठरत नाही. मात्र त्याला रोखणाऱ्या लोकलज्जेची धार निश्चितच बोथट होते.

सवलतींचा गैरवापर हाही याच मानसिकतेचा भाग. अपंग व्यक्तींना दीर्घ काळ उभे राहावे लागू नये म्हणून डिस्नेच्या उद्यानांत विशेष कार्ड दिले जाई. काही धनिक मंडळी अपंग व्यक्तींना पैसे देऊन सोबत घेतात आणि रांग टाळतात, असे प्रकार २०१३ मध्ये उजेडात आले. त्याच वर्षी ती पद्धत बदलण्यात आली. चलाखी करणारे मोजके होते, परंतु बदललेल्या नियमांचा जाच सोसावा लागला तो खरोखर गरज असणाऱ्यांना. घुसखोरीची किंमत नेहमी तिसराच कोणी मोजत असतो.

भीड भिकेची बहीण

आता रांगेतल्या इतरांकडे वळू. समाजमानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेला एक प्रयोग १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. रेल्वे स्थानक आणि तत्सम ठिकाणच्या १२९ रांगांत त्यांनी आपली माणसे मुद्दाम मध्येच घुसवली आणि लोक काय करतात, ते टिपले. घुसखोर एकटा असताना जेमतेम ५४ टक्के रांगांत कोणी ना कोणी हरकत घेतली. दोघे घुसले, तेव्हा हे प्रमाण ९१ टक्क्यांवर गेले. हात धरून बाजूला काढण्यापर्यंत मजल गेली, ती सुमारे दहा टक्के रांगांत.

या प्रयोगाचा सर्वांत उद्बोधक भाग पुढे आहे. संशोधकांनी घुसखोराच्या लगेच मागे आपलीच दोन माणसे निमूट उभी केली. ती काही बोलत नाहीत असे दिसताच उरलेली रांगही गप्प बसली. एकट्या घुसखोराला होणारा विरोध थेट पाच टक्क्यांवर आला. हरकत घेण्याचा पहिला मान आणि पहिली जबाबदारी घुसखोराच्या लगेच मागे असलेल्याची, असे रांगेतले सर्व जण मनोमन मानत असतात. तोच बोलला नाही, तर इतरांना वाटते, त्याची हरकत नसेल. मग आपण कशाला मध्ये पडा?

भीड भिकेची बहीण, ही आपली म्हण इथे तंतोतंत लागू पडते. बोलायला संकोच वाटतो, तमाशा होईल अशी भीती वाटते, सोबत बायकामुले असतात. हे सारे खरे आहे. पण आपल्या गप्प राहण्याचा अर्थ मागच्या शंभर माणसांसाठी 'परवानगी' असा होतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. उलट, बेस्टच्या थांब्यावरची शिस्त टिकते ती तिथले कोणी ना कोणी हमखास बोलते म्हणूनच.

बोलावे कसे?

अर्थात बोलणे म्हणजे 'अरे'ला 'का रे' करणे नव्हे. जुलै २०२२ मध्ये फ्लोरिडातील मॅजिक किंगडम उद्यानात दोन कुटुंबांत तुंबळ हाणामारी झाली. तिची चित्रफीत जगभर पाहिली गेली. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार, एक महिला फोन आणण्यासाठी रांगेबाहेर गेली होती. ती परत आपल्या माणसांजवळ जाऊ लागली, तेव्हा वादाला तोंड फुटले. म्हणजे जिला एका बाजूने घुसखोर समजले गेले, ती तिच्या दृष्टीने आपल्याच जागी परतत होती. 'आमचा माणूस पुढे आहे' हे वाक्य दर वेळी थापच असते असे नाही, याचे भान म्हणूनच राखायला हवे. लहान मुलाला स्वच्छतागृहात नेऊन परतणारी आई आणि एकाला उभे करून नऊ जणांनी मागाहून यावे अशी योजना आखलेली टोळी, यांत फरक आहे. तो ओळखण्यासाठी एक साधा प्रश्न पुरेसा असतो.

पहिले वाक्य म्हणूनच आरोपाचे नसावे, माहितीचे असावे. 'रांगेचे शेवटचे टोक तिकडे आहे' किंवा 'आम्ही सारे पाऊण तास उभे आहोत' एवढे शांत स्वरात सांगितले, तरी बरेच जण ओशाळून मागे जातात. समोरच्याला अज्ञानाचा आधार घेऊन सन्मानाने माघार घेता आली पाहिजे. 'लाज वाटत नाही का?' असे म्हटले की ती वाट बंद होते आणि मित्रांसमोर नाक राखण्यासाठी तो अडून बसतो. बोलायचे ते लगेच बोलावे. घुसखोर पाच मिनिटे उभा राहिला की ती जागा आपलीच, असे त्यालाही वाटू लागते. मागच्या दोघा-तिघांना 'काय हो, बरोबर ना?' असे विचारून सोबत घ्यावे, कारण एकट्याचा शब्द भांडण ठरतो, चौघांचा शब्द नियम ठरतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर दुसऱ्यांदा न बोलता कर्मचाऱ्याला बोलावणे उत्तम. राइडच्या दाराशी तो असतोच. हे काम बहुधा विशीतली मुले-मुली करतात. घोळक्याला एकट्याने अडवण्याचे बळ त्यांच्यात नसते. मागच्यांनी ठामपणे पाठिंबा दिला, तर ते येते. अनेकदा आपण घुसखोराला सोडून याच पोरांवर डाफरतो, हेही कबूल केले पाहिजे. आणि समोरचा मद्यप्यालेला असेल, हात उगारत असेल, तर आपला नंबर गेला तरी चालेल, पण तिथून दूर व्हावे आणि सुरक्षारक्षकाला गाठावे. एका पाळण्याच्या फेरीसाठी डोके फोडून घेण्यात शहाणपण नाही.

उर्मटपणा आणि गुन्हा

एक रेषा मात्र ठळक आखली पाहिजे. जलक्रीडा उद्यानांत, विशेषतः कृत्रिम लाटांच्या तलावात, गर्दीचा फायदा घेऊन स्त्रियांना नकोसे स्पर्श करणे, शेरेबाजी करणे, पोहण्याच्या पोशाखात त्यांची चोरून छायाचित्रे काढणे, या गोष्टींना 'गर्दीत असे व्हायचेच' म्हणून बाजूला सारण्याची सवय आपल्याला आहे. हा उर्मटपणा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विनयभंग, लैंगिक छळ आणि स्त्रीच्या लज्जेचा अवमान करणारे शब्द वा हावभाव हे स्वतंत्र दंडनीय गुन्हे आहेत. बालकांच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. अशा वेळी शांत स्वरातल्या समजुतीचा प्रश्नच येत नाही. तिथल्या तिथे आरडाओरडा करणे, जीवरक्षकाला सांगून तलाव थांबवायला लावणे आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवणे हाच मार्ग. 'उगाच बभ्रा नको' असा सल्ला देणारे व्यवस्थापन त्या गुन्हेगाराला पुढच्या रविवारचे निमंत्रणच देत असते.

व्यवस्थापनाचे उत्तरदायित्व

जगातील मोठ्या उद्यानांनी अनुभवातून काही धडे घेतले आहेत. सेल्फी स्टिकमुळे राइडवर धोका निर्माण होऊ लागला, तेव्हा २०१५ मध्ये डिस्नेने ती आपल्या उद्यानांत आणण्यास मनाई केली. अमेरिकेतील आपल्या उद्यानांत २०१९ मध्ये मुलांच्या ढकलगाड्यांच्या आकारावर मर्यादा घातली आणि धूम्रपानाच्या जागा उद्यानाबाहेर नेल्या. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या उद्यानाला जुलै २०२२ मध्ये तरुणांच्या मारामाऱ्यांमुळे एका शनिवारी वेळेआधीच दरवाजे बंद करावे लागले. त्यानंतर तिथे ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेनंतर १८ वर्षांखालील मुलांसोबत किमान २१ वर्षांची व्यक्ती असण्याची अट घातली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस डिस्नेनेही, इतरांशी सौजन्याने वागा, अशी सूचना आपल्या संकेतस्थळावर ठळकपणे दिली.

यातला प्रत्येक उपाय आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईल असे नाही. परंतु ज्यांना फार खर्च येत नाही, अशा काही गोष्टी निश्चित शक्य आहेत. दिवसाची क्षमता जाहीर करावी आणि ती भरली की तिकीटविक्री थांबवावी. रांगेच्या तोंडाशी अंदाजे किती वेळ लागेल, याची पाटी लावावी. मध्येच बाहेर जाऊन परत यायचे असल्यास काय करावे, हा नियम मराठीत आणि ठळक अक्षरांत लिहावा. रांगेवर सावली आणि पिण्याचे पाणी असावे. तापलेल्या पत्र्याखाली दीड तास उभ्या केलेल्या माणसाकडून सौजन्याची अपेक्षा करणे हाही एक प्रकारचा उर्मटपणाच आहे. पैसे घेऊन सेवा नीट दिली नाही, तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक आहे. झालेल्या त्रासाची तारीखवार लेखी तक्रार त्याच दिवशी उद्यानाच्या कार्यालयात नोंदवणे हे प्रत्येक ग्राहकाला सहज जमण्याजोगे काम आहे, पण ते फार थोडे करतात.

आणि शेवटी आपण स्वतः. अंधाऱ्या राइडमध्ये मोबाइलचा झगमगाट करणारे, धावत्या मुलांना आवर न घालणारे, एकाला उभे करून बाकीच्यांनी भेळ खायला जाणारे लोक नेहमी 'दुसरे' नसतात. रुमाल टाकून जागा धरण्याचे कौतुक आपण घरी बसून करत असू, तर कठड्याखालून वाकणाऱ्या पोरांना दोष देण्याचा आपला अधिकार तेवढ्यापुरता कमी होतो.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच घरी परतताना गाडीत देऊन चालणार नाही. ते तिथेच, रांगेत उभे असताना, तिच्यासमोर द्यायला हवे. 'नाही, आपण तसे जायचे नाही. आणि त्यांनाही सांगू या.' एवढे बोलायला छत्तीस सेकंदेही लागत नाहीत.